पंधरा तासांच्या सह्या

माझ्या पाकिटात एक लायसन्स आहे. त्यावर कारच्या जोडीला आणखी एक नोंद आलीय, ट्रान्सपोर्टची. म्हणजे उद्या सकाळी मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत दहा टन माल भरलेला ट्रक स्टार्ट करून पुण्याकडे निघालो, तर लायसन्स नाही म्हणून मला वाटेत कोणी अडवू शकत नाही.

आणि तुम्हाला खरं सांगतो, मला तो ट्रक चालवता येत नाही.

वय बावीस, शिक्षण मास कम्युनिकेशन, सध्या काम म्हणजे याच पेपरात इंटर्न. मग हेवीचा क्लास कशाला लावला? तर माझा मामा ट्रकवर ड्रायव्हर आहे. कोल्हापूर ते चाकण, फौंड्रीचा माल. त्याच्या धंद्यावर एक स्टोरी करू म्हणून मी वही-पेन घेऊन त्याच्यासमोर बसलो, तर तो म्हणाला, ‘‘आरं, लिवायचं आसंल तर आदी चालवून बग की.’’ कारचं लायसन्स काढून मला तीन वर्षं झाली होती. ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसन्ससाठी वय वीस पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. दोन्ही अटींत मी बसत होतो. मेडिकल झालं, लर्निंग निघालं आणि एका सकाळी साडेसहाला मी एका मैदानावर, पुढे-मागे लाल ‘एल’ रंगवलेल्या जुन्या सहाचाकी टाटासमोर उभा राहिलो. क्लासचं नाव सांगणार नाही. कारण पुढे जे लिहिणार आहे, त्याचा दोष एकट्या त्या क्लासला देऊन आपण मोकळे होऊ, आणि ते मला नकोय.

आम्ही सहा जण होतो. एक जण एसटीच्या भरतीची वाट बघणारा, एक गल्फला जायचं म्हणणारा, एक छोटा हत्ती चालवणारा पस्तिशीचा दादा, दोघं बीड जिल्ह्यातून आलेले सख्खे भाऊ, आणि मी. शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

पहिल्या दिवशी केबिनमध्ये चढून बसलात की पहिली गोष्ट कळते ती उंची. भारी वाटतं, लपवत नाही. सगळं जग खाली. दुसरी गोष्ट क्लच. कारच्या सवयीने दाबायला गेलो तर पाय अर्ध्यातच अडकला. तिसऱ्या दिवसापर्यंत डावा गुडघा दुखत होता. तिसरी गोष्ट, किल्ली फिरवली की लगेच निघायचं नाही. एक बझर वाजत राहतो. मास्तर म्हणाले, ‘‘हवा भरतेय, थांब.’’ ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, डॅशबोर्डवरचा काटा वर चढतो, दाब पुरेसा झाला की बझर बंद होतो. मगच गाडी हलवायची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वळायची रीतच वेगळी. ट्रकमध्ये तुम्ही जवळपास पुढच्या चाकावर बसलेले असता आणि मागचं चाक कितीतरी फूट मागे असतं. कारसारखं कोपरा दिसताच स्टिअरिंग फिरवलं, तर मागचं चाक आत कापत जातं आणि फुटपाथवर चढतं. म्हणून आधी पुढे जायचं, आता चुकलोच असं वाटेपर्यंत, आणि मग फिरवायचं. माझ्या पहिल्या डाव्या वळणात मागच्या चाकाखाली मैदानातला एक प्लॅस्टिकचा कोन गेला. मास्तर काही बोलले नाहीत. खाली उतरले, तो चपटा झालेला कोन आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा स्कूटीवाला.’’

त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी माझी अॅक्टिव्हा ट्रकच्या डाव्या बाजूला, केबिनच्या दाराला लागून उभी केली आणि वर चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. आरशात बघितलं, मागचं टायर दिसत होतं. समोरच्या काचेतून बघितलं, मैदान दिसत होतं. अॅक्टिव्हा कुठेच नव्हती. सिग्नलला ट्रकच्या डावीकडून चिंचोळ्या जागेत घुसून पुढे जायची सवय तुम्हालाही आहे, मलाही होती. आपल्याला वाटतं, एवढा उंच बसलाय, दिसतोच ना मी त्याला! तुम्ही त्याला दिसत नाही. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं, दुचाकीच्या लायसन्सच्या वेळीही नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ट्रकच्या डावीकडे थांबू नका.

तर असं शिकत होतो आणि शिकण्यात मजाही येत होती. गडबड वेळेची होती.

क्लास तासाभराचा, ट्रक एक, आम्ही सहा. म्हणजे रोज प्रत्येकाला दहा मिनिटं. बाकीची पन्नास मिनिटं पाठीमागे हौद्यात उभं राहून दुसऱ्याचं बघायचं. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला नोंदी ठेवायची खोड असते, म्हणून मी फोनमध्ये रोजची मिनिटं लिहीत गेलो. महिन्यात रविवार सोडून सव्वीस दिवस, त्यातले तीन दिवस ट्रक बंद. एकूण तीन तास पन्नास मिनिटं. सगळी रिकाम्या ट्रकवर, सगळी त्याच मैदानावर आणि त्यामागच्या रस्त्यावर. चौथ्या गियरच्या पुढे मी कधी गेलोच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम काय म्हणतात? ट्रान्सपोर्ट वाहनाच्या शिकाऊ चालकाला स्कूलने किमान तीस दिवस शिकवायचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान पंधरा तास व्हायला हवेत. त्यासाठी स्कूलला रजिस्टर ठेवावं लागतं, फॉर्म १५. कोणी कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली, ते त्यात लिहितात आणि शिकाऊ उमेदवार सही करतो. शेवटी स्कूल फॉर्म ५ देतं, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला. तो जोडल्याशिवाय हेवीचं लायसन्स निघत नाही. कागदावर व्यवस्था काही वाईट नाही.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी रजिस्टर पुढे सरकवलं. माझ्या नावापुढे तीस ओळी भरलेल्या होत्या. रोज अर्धा तास. रविवारीसुद्धा.

मी सह्या केल्या.

हे लिहायला मला सोपं जात नाहीये. सेकंड इयरला ‘एथिक्स’चा पेपर होता, त्यात मला चांगले मार्क होते. पण टेस्टची तारीख लागली होती, फी भरून झाली होती, मागे पाच जण रांगेत होते आणि त्यातल्या एकालाही ओळी मोजाव्याशा वाटल्या नाहीत. छोटा हत्तीवाल्या दादांनी तर वाचलंच नाही, सरळ सह्या ठोकल्या. मी वाचलं आणि तरीही ठोकल्या. म्हणजे माझं जास्त चुकलं.

नंतर मी मास्तरांना विचारलं, असं का? ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. रिकामा ट्रक मैदानात चालवायचा म्हणजे तासाला चार लिटर डिझेल धरा. एका पोराचे पंधरा तास म्हणजे साठ लिटर. नव्वद रुपये लिटरने पाच हजार चारशे, फक्त डिझेलचे. त्यावर टायर, इन्शुरन्स, माझा पगार, मैदानाचं भाडं. ‘‘तू फी किती दिलीस?’’ आठ हजार. ‘‘खरे पंधरा तास चालवायचे तर दुप्पट घ्यावी लागेल. मग पोरं शेजारच्या क्लासला जातील. तो आठच घेतो. आणि तोही असंच करतो.’’

मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. पण मास्तर लबाड माणूस आहेत, असंही मला म्हणता येत नाही. दहा मिनिटांत जेवढं ओतता येईल तेवढं ते ओतायचे.

टेस्टचं थोडक्यात सांगतो. रिकामा ट्रक, सपाट जागा, पुढे जा, वळसा घ्या, रिव्हर्स घ्या. सात-आठ मिनिटं. पास.

लायसन्स हातात आल्यावर मी कोल्हापूरला गेलो आणि मामाला दाखवलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं. ‘‘झ्याक छापलंय,’’ म्हणाला. मग म्हणाला, ‘‘चल रातच्याला, बस शेजारी.’’

शिरोलीतून कास्टिंग भरून आम्ही रात्री दहाला निघालो. निघायच्या आधी मामा हातात लोखंडी टॉमी घेऊन गाडीभोवती फिरला, प्रत्येक टायरवर एकेक ठोका मारत. टणक आवाज आला की पुढे. एका आतल्या टायरचा आवाज बसका आला, तर पंपावर हवा भरल्याशिवाय हलला नाही. ताडपत्रीचा रस्सा स्वतः ओढून बघितला. यातलं काहीच क्लासमध्ये झालं नव्हतं, आणि होणार तरी कसं? आमच्या ट्रकवर ताडपत्रीच नव्हती. मालच नव्हता.

भरलेला ट्रक ही वेगळीच वस्तू आहे. आमचा मैदानातला ट्रक आणि मामाचा ट्रक दिसायला भाऊभाऊ, पण मालासकट मामाचा सतरा-अठरा टनांच्या घरात. छोट्या कारचं वजन टनाच्या आसपास असतं. एवढं वजन एकदा चालू लागलं की थांबायला त्याला त्याचा वेळ लागतो. मामा समोरच्या गाडीपासून इतका मागे राहायचा की मधल्या जागेत सारख्या कार घुसायच्या. प्रत्येक वेळी तो पुन्हा मागे सरायचा. शिव्या फारशा दिल्या नाहीत.

सातारा सोडल्यावर एका ढाब्यावर चहा घेतला. रात्रीचा दीड वाजला होता. मामाने किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘‘घेतोस? लायसन हाय न्हवं तुज्याकडं?’’

पुढे खंबाटकी होतं. बोगद्यानंतरचा उतार आणि ते एस आकाराचं वळण बसने जाताना मी शंभर वेळा बघितलंय, झोपेत. मी नको म्हटलं. मामा हसला नाही. ‘‘ब्येस,’’ एवढंच म्हणाला आणि किल्ली उचलली.

बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच त्याने गाडी खालच्या गियरमध्ये घेतली. मग ब्रेकवर पाय जवळपास नाहीच. इंजिन गुरगुरत होतं आणि तेच गाडीला धरून ठेवत होतं. जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. कारण ब्रेक दाबून दाबून उतरलात तर ड्रम आणि लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. आधी जळका वास येतो, मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. मी इतकी वर्षं ‘ब्रेक फेल’ अशी बातमी वाचत आणि आता इंटर्न म्हणून टाइपही करत आलोय, जणू ब्रेक आपोआप कुठेतरी तुटतो. बऱ्याचदा तो तुटलेला नसतो, त्याला भाजून काढलेलं असतं.

पहाटे आम्ही कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर आलो. पुण्यात शिकणाऱ्यांना हा रस्ता सांगायला नको. बोगदा ते नवले पूल, काही किलोमीटरचा सलग उतार, वेग वाढलेला कळतही नाही असा. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका ट्रकने एकामागून एक जवळपास ४८ गाड्यांना धडक दिली. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, अशी माहिती प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी दिली होती. डिझेल वाचवायला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथेच कंटेनर पुढच्या गाड्यांवर आदळला, आग लागली, आठ जण गेले. दोन्ही वेळा चर्चा कशाची झाली? रस्त्याच्या रचनेची, स्पीड कॅमेऱ्यांची, वेगमर्यादेची. व्हायलाच हवी. उतार चुकीचा आहे हे खरंच आहे.

पण आता तो बझर आठवा. इंजिन बंद, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत आहे तेवढीच हवा, आणि प्रत्येक वेळी ब्रेक मारला की ती थोडी कमी होते. पॉवर स्टिअरिंग जड होतं. गियरची पकड नाही. अठरा टन आणि खाली वस्ती. डिझेल वाचतं किती? मामाच्या मते, दोन चहाचं. हे ज्याला कळतं तो असं करणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माहीत असून करणारेही असतात, आणि महिन्याच्या डिझेलच्या हिशेबावर मालकाची नजर असते. पण ज्याला कधी कोणी सांगितलंच नाही, भरलेल्या गाडीत बसवून दाखवलंच नाही, त्याला आपण नेमकं काय विचारणार आहोत? मला उतारावर इंजिन बंद करू नकोस हे हेवीच्या क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही. आमच्या मैदानाला उतारच नव्हता.

मामाला हे कोणी सांगितलं? त्याच्या उस्तादाने. मामा सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून चढला. चार वर्षं टायर ठोकले, काच पुसली, रस्से बांधले, रिव्हर्सला मागे उभं राहून ‘आने दो’ ओरडला, आणि रात्रभर डावीकडच्या सीटवर बसून उस्तादाचे पाय बघितले. शिव्या आणि मारही खाल्ला. त्या दिवसांचं गोड चित्र मला रंगवायचं नाही, सोळा वर्षांच्या पोराची जागा शाळेतच असते. पण ती चार वर्षं हेच त्याचं ट्रेनिंग स्कूल होतं, आणि त्यात घाट होता, पाऊस होता, भरलेला माल होता.

आज मामाच्या डावीकडची सीट रिकामी असते. क्लीनर परवडत नाही म्हणतात मालक, आणि पोरं मिळतही नाहीत. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक असण्याची अट होती, ती २०१८ मध्ये काढली गेली. २०१९ मध्ये आठवी पासची अट गेली. त्याला माझा विरोध नाही. शाळा सुटलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही असं थोडंच आहे? तेव्हा सरकारनेही हेच म्हटलं होतं की शिक्षणापेक्षा कौशल्य महत्त्वाचं, आणि आता प्रशिक्षणावर भर देऊ. म्हणजे सगळा भार येऊन पडला ड्रायव्हिंग स्कूलवर. आणि स्कूल काय करतं, ते तुम्ही वर वाचलंत. जुनी शाळा बंद पडली आणि नवी सह्या घेतेय.

२०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. तिथे जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक, आणि पास झालात की आरटीओत वेगळी टेस्ट नाही. पुण्यात सीआयआरटीसारखी जुनी संस्थाही चालकांना शिकवते. चांगलंच आहे. पण माझ्या बॅचमधल्या बीडच्या दोन भावांना विचारा. ते हॉटेलात रात्रपाळी करून सकाळी साडेसहाला यायचे. त्यांना जिथे राहतात तिथलं, आठ हजारांतलंच हवं होतं. सगळ्या तालुक्यांत ते ३८ तास पोहोचेपर्यंत लायसन्स आमच्यासारख्या मैदानांवरूनच निघत राहणार.

जानेवारी २०२४ आठवतोय? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. ट्रकवाले रस्त्यावर उतरले होते, नव्या भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरोधात. आमच्या कॅन्टीनमध्ये दोन तट पडले होते. शिक्षा हवीच, म्हणणारे आणि गरीब ड्रायव्हरला कशाला, म्हणणारे. ते कलम पुढे लागू करायचं थांबवलं गेलं. मीही तेव्हा तावातावाने बोललो होतो. अपघातानंतर किती वर्षं तुरुंगात, यावर आम्ही दोन दिवस भांडलो. अपघाताआधी किती तास गाडीवर, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

तुम्ही म्हणाल, आम्ही कॉलेजवाले, आम्हाला काय करायचंय? एक तर रोज त्याच रस्त्यावर तुम्ही दुचाकीवर आहात, त्या अदृश्य डाव्या कोपऱ्यात. दुसरं, तुमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा कोणीतरी दोन वर्षांनी हाच क्लास लावणार आहे. बीकॉम होऊन आठ-दहा हजारांच्या नोकरीसाठी फिरणारे माझ्या गावात आहेत. मामाचा पगार आणि भत्ता धरला तर माझ्या स्टायपेंडचं नावही काढू नये. तरी मामा माझ्या आईला म्हणतो, पोराला ट्रकवर आनू नगो, लगीन ठरायचं न्हाई. ‘ड्रायव्हर’ म्हटलं की स्थळ परत जातं, हे तुम्हीही पाहिलं असेल. नंदुरबारमध्ये वाढलेल्या आणि भोपाळहून ट्रक चालवणाऱ्या योगिता रघुवंशी यांच्याकडे वाणिज्य आणि कायद्याची पदवी आहे. त्यांच्या बातम्या आपण कौतुकाने शेअर करतो आणि शेजारच्या ड्रायव्हरच्या मुलाला काय करतोस विचारताना आवाज बदलतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय. उत्तम झालं. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत दिवसाला आठ तास सांगत होता, आणि मामा त्या रात्री दहाला निघून चाकणला माल उतरवून, चार तास झोपून पुन्हा परतीच्या भाड्याला लागला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती डावीकडची सीट परत भरा, पण या वेळी पगार देऊन. इंजिनीअरिंगचा पोरगा कंपनीत अप्रेंटिस म्हणून जातो तेव्हा त्याला स्टायपेंड मिळतो, कारण तो शिकतोय हे आपण मान्य करतो. हेवी लायसन्स निघालेल्या प्रत्येकाला तीन-चार महिने अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी बसवा, भरलेल्या गाडीवर, घाटातून. त्याला पैसे द्या, शिकवणाऱ्या ड्रायव्हरलाही द्या. मामासारख्या माणसाला उस्ताद म्हणून कागदावर काही किंमत मिळेल. आणि टेस्टला वजन ठेवा गाडीत. निदान वाळूची पोती तरी. पैसा कुठून येणार, हा मास्तरांचा प्रश्न आहेच. ज्यांचा माल त्या रस्त्यांवरून धावतो त्या कंपन्यांनी, मालकांनी आणि सरकारने तो वाटून घ्यावा. आज ती किंमत कोण भरतंय, ते नवले पुलावर दिसतंच.

आणि तुमच्यातलं कोणी हेवीचा क्लास लावणार असेल, तर मिनिटं लिहून ठेवा. रजिस्टर पुढे आलं की ओळी मोजा. रविवारी गाडी चालवली का, विचारा. सही न करण्याची हिंमत माझ्यात नव्हती. तुमच्यात असेलच, असं म्हणत नाही. पण बॅचमधले सहाच्या सहा जण एकदम म्हणाले की आमचे तास आधी पूर्ण करा, तर मास्तर फार वाद घालतील असं मला वाटत नाही.

माझे अकरा तास दहा मिनिटं बाकी आहेत. शनिवारी रात्री मामाची गाडी शिरोलीत भरतेय. मी दुपारच्या एसटीने कोल्हापूरला निघालोय. मामाने फोनवर सांगितलंय, जुने कपडे आण, आणि पहिले दोन महिने स्टिअरिंगचं नाव काढायचं नाही. आधी टायर.